घंटेशी लागलेलं लग्न

अशी उंबऱ्यापाशी काय बसलीस? ये की जवळ. माझ्या भावाची नात तू, आणि पाहुण्यासारखी बसतेस. शिकलेल्या पोरी तुम्ही, स्वप्न म्हटलं की हसता. आधी ऐक, मग हास.

मी तिसरीत होते. वडील इथं सोलापुरातच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. बार्शीचं एक स्थळ मला बघायला येणार होतं. पसंत पडले तर शाळा बंद, एवढं मला कळत होतं. मला विचारलं कुणीच नव्हतं.

त्यातच एकदा स्वप्न पडलं. शाळेत गेले तर वर्गात मांडव घातलेला. बाईंनी रोजच्यासारखी हजेरी घेतली नि म्हणाल्या, "आज तुझं लग्न आहे, पाटी पुसून घे." मी पुसली. अंतरपाट म्हणून हिंदुस्थानचा नकाशा धरलेला. पलीकडं पाटावर शाळेची पितळी घंटा, तिला मुंडावळ्या. मंगलाष्टकांच्या जागी मुलींनी पाढ्यांतली पावकी म्हटली आणि अक्षता म्हणून खडूचे तुकडे टाकले. घंटा मुकाट बसून होती. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. पुढं गणिताचा तास होईल की नाही, एवढीच काळजी.

सकाळी चुलीपाशी सांगितलं. घरातल्या स्वप्नांचे अर्थ आत्या लावायची, वडिलांची थोरली बहीण. स्वप्नात मेलेलं माणूस दिसलं तर चांगलं आणि लग्न दिसलं तर वाईट, असा तिचा कायदा.

"गिरणीच्या भोंग्याच्या आदी पडलं का नंतर?" तिनं विचारलं.

"आदी. भोंग्यानंच जाग आली."

"म्हंजे पहाटंचं. खरं हुतंय ते." ती वडिलांकडं वळली. "ऐकलास का रं? बार्शीला निरोप धाड. औंदा लगीन न्हाय."

वडील भाकरी फडक्यात बांधत होते. "अगं अक्का, घंटेसंगं लगीन लागतंय व्हय? आन अक्षता कुटं हुत्या? खडू हुता की."

"पांढरा हुता न्हवं?" आत्यानं मला विचारलं.

"पांढरा."

"मग लागलं."

"भटजी न्हवता."

"मास्तरीण हुती."

वडिलांनी फडक्याला गाठ मारली नि मला म्हणाले, "जेवणावळ झाली का?"

"न्हाय. मधल्या सुट्टीत हुणार हुती."

"बघ अक्का. म्हंजे लगीन अर्धंच."

"अर्धं तर लई वाईट," आत्या म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

तेवढ्यात दुसरा भोंगा झाला. उशीर झाला तर गिरणीचं दार बंद व्हायचं. जाता जाता वडील म्हणाले, "फुडल्या साली बघू."

बार्शीकर थांबले नाहीत, त्यांनी मुलाचं दुसरीकडं उरकलं. मी चौथी झाले. पुढचं वाचणं-लिहिणं माझं मीच केलं. लग्न काय, नंतर झालंच.

तुझ्याही लग्नाचं बोलणं चाललंय असं कानावर आलंय, आणि तुझी परीक्षा अजून व्हायचीय. स्वप्न पडायची वाट बघू नकोस. पुन्हा लवकर ये, आणि येताना तुझ्या बापाला घेऊन ये; त्याच्याशी मी बोलते.