श्वेत बटूंपुढे बायकोची माघार
माझी बायको ताऱ्यांवर संशोधन करते आणि मी मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासतो. त्यामुळे चुका काढण्याचं खातं घरात माझ्याकडे आहे, असा माझा समज होता.

तिचा विषय श्वेत बटू. इंधन संपल्यावर सूर्यासारखा तारा आकसून जेमतेम पृथ्वीएवढा उरतो, तो श्वेत बटू. त्यातल्या काहींमध्ये प्रचंड चुंबकत्व सापडतं. ते येतं कुठून, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. बायकोचं मात्र ठाम मत होतं की ते वडिलोपार्जित आहे. मूळ ताऱ्यातलं क्षीण चुंबकत्व तो आकसताना दाबलं जाऊन तीव्र होतं. दहा-बारा वर्षं तिने हे शोधनिबंधांत आणि नारायण पेठेतल्या आमच्या घरातही लावून धरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिने सूर्याच्या आसपासचे श्वेत बटू वयानुसार लावले. नुकत्याच झालेल्या, तापलेल्या बटूंत चुंबकत्व क्वचितच दिसलं. अब्जावधी वर्षं निवत आलेल्यांत पुष्कळ. वारशाने मिळालं असतं तर ते पहिल्यापासून दिसायला हवं होतं. तिने आकडे पुन्हा तपासले, विद्यार्थिनीकडून तपासून घेतले आणि तीन दिवस त्यांत चूक शोधली. चौथ्या दिवशी मंडईतून पाच किलो आवळे आणून किसत बसली.

माझी आई गणिताची निवृत्त शिक्षिका. तिने समोर बसून कारण विचारलं. बायकोने सांगितलं की तारा निवताना गाभा गोठू लागतो, जड ऑक्सिजन खाली बसतो, हलका कार्बन वर येतो आणि त्या ढवळण्यातून चुंबकत्व तयार होत असावं.

"म्हणजे म्हातारपणी अंगात येतं," आई म्हणाली. "मग तोंड पाडायला काय झालं?"

"इतकी वर्षं मी उलटं लिहिलंय, आई."

"आता सुलटं लिही."

तिने लिहिलं. एका मराठी मासिकासाठीही लेख केला. 'माझं चुकलं' हे वाक्य वाचून मी तिथे 'पुनर्विचार' सुचवला.

"पुनर्विचार मंत्री करतात," ती म्हणाली आणि माझी दुरुस्ती खोडली.

निबंध छापून आल्यावर परदेशातल्या एका संशोधकाचं पत्र आलं. हा गृहस्थ वर्षानुवर्षं तिच्या मताला विरोध करत आलेला. त्याने मोकळेपणाने अभिनंदन केलं होतं आणि खाली दोन पानं हरकती घेतल्या होत्या. एवढ्या ढवळण्याने इतकं तीव्र चुंबकत्व येईल का? काही बटू दोन तारे एकमेकांत मिसळून झाले असतील, त्यांचं काय? बायकोचा चेहरा असा खुलला की मला थोडा हेवाच वाटला.

त्या रविवारी आम्ही तिघं खडकवासल्याला गेलो. भाजलेलं कणीस हातात धरून ती धरणाकडे पाठ करून त्या हरकतींना उत्तरं देत होती. आईने एकदोन शंका काढल्या. मला कुणी काही विचारलं नाही.