धुतलेलं घोंगडं

दिवाळी सरली की आमच्या वस्तीवर संध्याकाळी शेकोटी पेटते. पुढ्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी, अंगावर काळं घोंगडं. याहून जास्त सुख मी कधी मागितलं नाही. चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेलं ते घोंगडं आम्ही उन्हात टाकून काठीनं झोडपतो. साबण लावत नाही.

यंदा लेक पुण्याहून वॉशिंग मशीन घेऊन आला आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यानं घोंगडंच त्यात कोंबलं. वर कसलं तरी वासाचं निळं पाणी ओतलं. खळ गेली, घोंगडं आटलं, लिबलिबीत झालं आणि मंगल कार्यालयातल्या संडासासारखं घमघमायला लागलं.

"आबा, लई वास मारत होतं की," लेक म्हणाला.

"मेंढीचं हाय ते! मेंढीचा न्हाय तर काय गुलाबाचा वास मारंल?"

आमचं कुत्रं दर थंडीत या घोंगड्याच्या कडेला निजतं. ते आलं, त्यानं हुंगलं, शिंकलं आणि गोठ्यात पोत्यावर जाऊन पडलं. लेक हसला.

मी उठलो आणि गोठ्यात दुसरं पोतं शोधू लागलो.