शेवटची सोळा पानं

आमच्या झाशीच्या मराठी मंडळाच्या पुस्तकांच्या दोन कपाटांपैकी एक वाळवीनं खाल्लं. तेव्हा ठरलं की आता पंचवीसच कथा-कादंबऱ्या ठेवायच्या, बाकीच्या रद्दीत द्यायच्या. मंडळाची घरंही पंचवीसच; प्रत्येक घरानं आपल्या सर्वांत आवडत्या एका पुस्तकाचं नाव कळवायचं. यादीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कामं लांबवत नाही.

नावं आली ती सगळी भारदस्त. मी एकेक पुस्तक काढून पाहिलं, तर काहींची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. न वाचलेलं पुस्तक आवडतं कसं, हे कुणाला विचारलं नाही. खरं नाव द्या, असा निरोप धाडला. निम्म्यांनी बदलून दिलं.

माझं नाव ठरलेलं होतं. नवऱ्याचं घर सोडून निघालेल्या एका बाईची ती कादंबरी. चौदाव्या वर्षी वाचली, त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी वाचतेच. झाशीत तिची मंडळातली ही एकच प्रत, आणि तिला शेवटची सोळा पानं नाहीत. इथे मराठी पुस्तकांचं दुकान नाही, त्यामुळे आहे त्यावरच सगळ्यांनी भागवलं. रविवारी पुस्तकं द्यायला बसणाऱ्या मावशी शेवट तोंडी सांगायच्या: बाई शाळेत नोकरी धरते, खोली घेते आणि न्यायला आलेल्या नवऱ्याला दारातूनच परत पाठवते. माझ्या वयाच्या इथल्या सगळ्या मराठी बायकांना हाच शेवट माहीत आहे.

अध्यक्षकाकांनी मात्र फाटकं पुस्तक घेणार नाही म्हणून सांगितलं. "किताब पूरी होनी चाहिए, बस. नवीन मागव."

मागवली. आठवड्यात पुण्याहून आली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ती सोळा पानं वाचून काढली. बाई रडते, नवऱ्याची माफी मागते आणि त्याच्याबरोबर घरी जाते. लिहिलंय चांगलं. पण तीस वर्षं मला आवडत होतं ते पुस्तक हे नव्हे.

संध्याकाळी स्कूटर काढून थेट मावशींकडे गेले. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण कान शाबूत आहेत. खरा शेवट सांगितला तर त्या जराही ओशाळल्या नाहीत. ती पानं त्यांनीही कधी पाहिली नव्हती.

"तुम्ही पोरी टेबलापासून हलायच्या नाहीत. काहीतरी सांगायलाच हवं होतं." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि ती परत गेली असं मी कशाला सांगू? मी गेले होते का?"

मावशी झाशीजवळच्या बरुआसागरच्या शाळेत शिकवायच्या आणि एकट्या राहायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आम्ही त्यांना विधवा समजत आलो होतो. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी सदर बाजारातल्या बाइंडरकडे जुनी प्रत नेली. म्हटलं, भैया, पक्की शिलाई करा आणि मागे सोळा कोरी पानं घाला. पुढच्या दोन रविवारी मावशींनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. सोळा पानं कमी पडली, शेवटी अक्षर बारीक करावं लागलं.

बैठकीत काकांनी पुस्तक मागून उघडलं. "ये तो हाथ का लिखा है."

मी म्हटलं, "हो. पण पूर्ण आहे. पानं मोजून घ्या."

नवीन प्रत असताना हे कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं: एका घराचं एक नाव असा नियम आहे आणि माझ्या घराचं नाव हे. त्यांनी इतरांकडे पाहिलं. माझ्या वयाच्या तिघी तोवर मागची पानं वाचायला वाकल्या होत्या. काकांनी यादीवर सही केली.

नवीन प्रत मी परत पाठवली. दुकानाच्या परतीच्या मुदतीचे दोन दिवस उरले होते.