यमरावांच्या तोंडचा शब्द

यमराव चहा पिता पिता मशीन मारायचे. एका हातात बशी, दुसऱ्या हातात माउस. भर दुपारी, पट्ट्यावरून डाळिंबाच्या पेट्या धावत असताना, ते कॉम्प्युटरवर चालणारं आमचं एखादं मशीन बंद पाडून थेट पुसून टाकायचे. मग बशीतला चहा फुर्र करून ओढायचे आणि म्हणायचे, "मेली. उठवा आता."

'यम' हे नाव त्यांना त्यामुळेच पडलं. 'राव' आम्ही भीतीपोटी लावला. एकदा वॉचमन बेसावधपणे तोंडावरच बोलून गेला, "यमराव, साहेब बोलावत्यात." ते उठले, चप्पल चढवली आणि म्हणाले, "व्हय, यमच हाय मी. पर माज्याकडनं माघारी येता येतंय. त्या दुसऱ्याकडं तशी सोय न्हाय."

हे इंदापूरजवळच्या एका पॅकहाऊसमधलं. परदेशी जाणारी डाळिंबं आमच्याकडे निवडून पेटीत भरली जातात. मी डिस्पॅच सांभाळते, आजही. पेटीवरच्या नंबरावरून फळ कुठल्या बागेतलं आणि त्यावर शेवटची फवारणी कधी झाली, हे दाखवता आलं तरच कंटेनर निघतो. नाही दाखवता आलं तर ते बेवारस फळ, त्याला परदेशात कुणी बंदराच्या बाहेर येऊ देत नाही. ही सगळी माहिती कॉम्प्युटरच्या खोलीत होती आणि ती खोली यमरावांची होती. त्यांचं गाव सणसर, राहायला बारामतीत, जळोचीला.

त्या खोलीत लोखंडी दिसणारी यंत्रं दोनच. बाकीची सगळी मशीन त्या दोघांच्या पोटात चालायची, नुसत्या कामापुरती, हाताला न लागणारी. पुण्याहून शिकून आलेला सागर नावाचा इंजिनिअर मला व्हर्च्युअल, हायपरवायझर, होस्ट असं काहीबाही समजावत होता. यमरावांनी त्याला मध्येच तोडलं. "बाई, होस्ट म्हंजी म्हस. बाकीची तिच्या पोटातली रेडकं. रेडकू गेलं तर नवं घालता येतं. झालं. ह्येला येवढं सांगायला चार वर्सं कालिजात घालवावी लागली."

सागरवर त्यांचा विशेष राग. रोज सकाळी तो यायचा आणि सांगायचा, "सर, बॅकअप झाला. सगळीकडे हिरवी टिक आहे." रोज यमराव तितक्याच तिटकाऱ्याने त्याच्याकडे बघायचे. एकदा म्हणाले, "टिक म्हंजी कुंकू हाय लेका. बाईच्या कपाळावर कुंकू दिसलं म्हंजी नवरा जिता हाय असं नसतंय. त्यो घरी हाय का मढं झालाय, जाऊन बगावं लागतं." मी दारात उभी होते आणि माझा नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. यमरावांनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. "तुमाला न्हाय म्हनलं, बाई. तुमाला ठावंच हाय."

राग आला नाही. नवरा गेल्यावर घर भरून माणसं सांत्वनाला आली होती, आणि प्रत्येकाला मला रडताना बघायचं होतं. यमराव आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुमच्या जागी बसवलंय त्ये निव्वळ येडं हाय. कवा येताय?" आलेल्या सगळ्यांत मला तेच बरे वाटले.

बॅकअपमधून मशीन उठलं की ते मला बोलावायचे. सागरच्या लेखी पडदा उजळला की काम संपलं. यमरावांना ते पुरायचं नाही. "बाई, कालची डाळिंबं दिसत्यात का बगा." मी कालची एखादी पेटी काढायची, बागायतदाराचं नाव, गट नंबर, फवारणीची तारीख वाचून दाखवायची. तारीख चुकीची निघाली तर ते मशीन पुन्हा मारायचे आणि सागरला जेवायला सोडायचे नाहीत. त्याचा डबा तिथेच टेबलावर गार व्हायचा. एकदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा यमराव म्हणाले, "रडून घे. ह्या रडन्यानं फकस्त कीबोर्ड खराब व्हतो."

बॅकअपच्या प्रती कुलूपबंद असायच्या, आणि ते कुलूप एका परवलीच्या शब्दानं उघडायचं. तो शब्द त्यांनी कुणाला सांगितला नाही. मी विचारलं होतं. "लिवला की त्यो चिकटला कुनाच्या तरी मॉनिटरला," ते म्हणाले. "आनि पाठ केलेलं इसरतं. तोंडातनं आपसूक भाईर पडतं ना, बाई, त्येच ठेवायचं. मानूस मेला तरी त्ये जात न्हाय." रोजच्या उठवाउठवीत तो शब्द लागतही नसे. त्या दोन लोखंडी यंत्रांना तो एकदाच सांगून ठेवला होता. यमरावांनी जन्मभर रेडकं मारली आणि उठवली. म्हैस मारून बघितली नाही. एवढ्या खवट माणसाची एवढीच चूक.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. राहिला एकच शब्द, 'न्हाय'. पाणी हवं का, न्हाय. दुखतंय का, न्हाय. कार्यालयात काही जणांनी उघड सुटकेचा श्वास सोडला. सागरनं पेढे वाटले नाहीत, इतकंच.

हंगाम ऐन भरात असताना कॉम्प्युटरच्या खोलीतला एसी फुटला आणि त्याचं पाणी एकमेकांवर ठेवलेल्या त्या दोन्ही यंत्रांत उतरलं. दोन्ही जळाली. पुण्याहून नवं यंत्र आलं, बारामतीच्या ऑफिसात ठेवलेली बॅकअपची डिस्क आली, सागरनं ती जोडली. प्रती धडधाकट होत्या. पडद्यानं फक्त परवलीचा शब्द विचारला. सागरनं यमरावांच्या नेहमीच्या सगळ्या शिव्या घालून पाहिल्या. एकही चालली नाही. थंडगार खोलीत डाळिंबं छतापर्यंत रचलेली, संध्याकाळी कंटेनर निघायचा होता, आणि एकाही पेटीला बाप नव्हता. ती फळं पाठवायची जबाबदारी माझी. साहेब मला म्हणाले, "बाई, तुमचं ऐकतात ते. जा."

जळोचीच्या घरी यमराव पलंगावर उशांच्या आधाराने बसले होते. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला. मी समोर खुर्ची ओढली. "यमराव, दोन्ही होस्ट गेले. शब्द सांगा."

"न्हाय. न्हाय."

माझ्याकडे हळुवारपणे विचारायला वेळ नव्हता, आणि मला ते जमतही नाही. त्यांना चिडवलं तर तोंडातून काही निसटेल असं वाटलं. "सागर म्हणतो हिरवी टिक आहे, म्हणजे झालं," मी म्हणाले. "तुम्ही उगाच आम्हाला छळलंत. तुमचा बॅकअप म्हणजे नुसतं कुंकू." त्यांचा चांगला हात चादरीवर आपटायला लागला. "न्हाय! न्हाय!" डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. मी थांबले नाही. ते थांबले असते का? "उठवा ना आता. मेली सगळी. उठवा."

"न्हाय... न्हाय..."

तेवढ्यात यमरावांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या. बारीक, वाकलेल्या, पदर डोक्यावर. माझ्या आवाजानं दचकून त्या उंबऱ्यातच थबकल्या, आणि बशीतला चहा त्यांच्या हातावर सांडला. यमरावांनी मान वळवली आणि स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर न अडखळता म्हणाले, "आंधळे, मेलीस का तितंच?"

वहिनींनी मुकाट्यानं पुढे होऊन कप ठेवला, पदरानं हात पुसला. "ह्येवढंच ऱ्हायलंय बगा त्यांच्या तोंडात," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हनलं, लई जुनं आसतंय त्ये जात न्हाय."

मी अंगणात येऊन सागरला फोन लावला. इंग्रजी अक्षरांत काय लिहायचं ते सांगितलं.

"मॅडम, हा पासवर्ड आहे?"

"टाईप कर."

"नाही चालत."

"काय लिहिलंस ते वाच." त्यानं वाचलं. त्यानं शेवटी 'तिथेच' असं शुद्ध लिहिलं होतं. "तितंच," मी म्हणाले. "ते बोलतात तसं. त्यांच्या बोलण्याला इस्त्री करू नकोस."

फोनमधून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग सागर ओरडला, "उघडलं!" मी त्याला कालची पेटी काढून बागेचं नाव आणि फवारणीची तारीख वाचायला लावली. दोन्ही बरोबर होती. कंटेनर रात्र पडायच्या आत गेटबाहेर पडला.

पुढच्या आठवड्यात साहेब, सागर आणि मी यमरावांचा सत्कार करायला गेलो. शाल घातली, नारळ दिला. सागरनं भाषण केलं की सरांनी वाचा गेली तरी कंपनीला अंतर दिलं नाही. यमराव शालीत वाकडे बसून "न्हाय, न्हाय" करत होते, तो विनय समजून साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनी मला गेटपर्यंत सोडायला आल्या. "बाई, येक इचारू? ती मशीन कशानं उघडली वो?"

मला खोटं बोलता आलं असतं. "त्या दिवशी ते तुम्हाला बोलले ना, त्यानंच."

"त्येच व्हतं?"

"तेच."

त्या गेटची कडी चाळवत राहिल्या. "म्हंजी माज्या नावानंच उघडली म्हना की." हसल्यासारखं केलं. "तसं माजं नाव सुलोचना हाय. हापिसात ठावं नसंल कुनाला." मग म्हणाल्या, "आता बदलला आसंल तुमी त्यो शबुद."

"नव्या प्रतींना नवा घातलाय. जुन्या प्रती त्याच शब्दानं उघडतात, वहिनी. त्यांचा बदलता येत नाही."

"त्ये ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

आतून हाक आली. खणखणीत, एकही अक्षर न अडखळता. "आले," म्हणत सुलोचनावहिनी आत गेल्या.