खिडकी नंबर चारचा शिक्का

वायरमन निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे वायरमनच म्हणतात. मध्ये बढती मिळून ते फोरमन झाले होते, पण ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. नाकासमोर चालणारा माणूस, असं गल्लीचं त्यांच्याबद्दल मत. वायरमनचं स्वतःबद्दलचं मत मात्र जरा वेगळं होतं, आणि त्याचं कारण बाहेरच्या खोलीत घड्याळाखाली टांगलेलं होतं.

ते होतं वर्तमानपत्राचं फ्रेम केलेलं कात्रण. बसस्टँडवरची भिंतभर पाटी, पाटीवर सगळ्या रस्त्यांचा नकाशा, प्रत्येक गावाशी एक बटण आणि एक दिवा. समोर ऐन चाळिशीतले वायरमन, बोट बटणावर, चेहरा फोटोवाल्याकडे. फ्रेम लहान मिळाली म्हणून त्यांनी स्वतःच कात्रीने कडा कापल्या होत्या. त्यात वरची तारीख गेली, आणि उजव्या कडेला उभी असलेली एक बाईही गेली. तिचं कोपर तेवढं राहिलं. आल्यागेल्याने फोटोचं कौतुक करावं, सुनेने चहा द्यावा, हे ठरलेलं. कोपर कुणी बघत नसे. वायरमन एकतीस वर्षं तेवढंच बघत आले होते.

सुनेने मागच्या महिन्यात हौसेने त्या फ्रेमचा फोटो इंटरनेटवर टाकला, आणि त्या मागावर एक वकीलबाई घरी येऊन थडकल्या. पेटंटचे खटले चालवणाऱ्या. एका मोठ्या कंपनीने बारा वर्षांपूर्वी पेटंट घेतलं होतं: पडद्यावरच्या नकाशावर निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण निवडलं की वाट उजळते आणि मध्ये जिथे वाट बदलायची ती जागा लुकलुकते. आता दोन भावंडांनी हॉस्पिटलांसाठी तसाच नकाशा बनवला, कुठल्या लिफ्टने कुठल्या विभागात जायचं ते दाखवणारा, तर कंपनीने त्यांच्यावर दावा ठोकला. भावंडांच्या धंद्याला टाळं लागायची वेळ आली होती, आणि वकीलबाई त्यांच्या बाजूने लढत होत्या. पण हीच युक्ती पेटंटच्या आधी कुठेतरी चारचौघांत वापरात होती असं दाखवता आलं, तर ते पेटंट उभंच राहत नाही.

"काका, तुमची पाटी म्हणजे तंतोतंत तीच युक्ती आहे," वकीलबाई म्हणाल्या. "फक्त तारखेचा कागद हवा. तोंडी सांगणं कोर्टात टिकत नाही."

स्टँड पाडून तिथे मोठी इमारत उभी राहिली होती, वर्तमानपत्र कधीच बंद पडलं होतं. सून मोठ्या अभिमानाने म्हणाली की बाबा साधं चिठोरंही टाकत नाहीत, सापडेलच काहीतरी. वायरमनला शोधायची गरजच नव्हती. कागद पलंगाखालच्या हत्यारांच्या पेटीत होता, तळाशी, चार घड्या घातलेला. त्यांनी तो फेकला नव्हता आणि कुणाला दाखवलाही नव्हता. दोन्हींना सारखंच धैर्य लागतं, आणि ते त्यांच्याकडे नव्हतं.

तो कागद चौकशीबाईंचा होता, आणि फोटोतलं कोपरही त्यांचंच. चौकशीबाई म्हणजे स्टँडवरच्या खिडकी नंबर चारच्या बाई. दिवसभर लोकांना ओरडून सांगायच्या, अमक्या फलाटावर जा, तमक्या फाट्यावर उतरून दुसरी गाडी धरा. ओरडून ओरडून घसा गेला, ऑपरेशन झालं, आवाज परत आला तो कुजबुजीपुरता. रांगेतली माणसं काचेला कान लावायची आणि वैतागून चुकीच्या गाडीत बसायची. मग बाईंनी ड्युटीच्या तक्त्यामागे पेन्सिलीने नकाशा काढला. दोन बटणं दाबायची, वाट पेटेल, आणि गाडी बदलायची तो दिवा लुकलुकेल. कुठल्या दिव्याने लुकलुकायचं याची सगळी जंत्री त्यांच्या डोक्यात होती. वायरमनने वायरी जोडल्या. चांगल्या जोडल्या, हे मान्य करायला हवं.

बाईंना प्रत्येक कागदावर खिडकीचा शिक्का मारायची सवय होती. कागद वायरमनच्या हाती देताना त्यांनी खाली तारखेचा शिक्का मारला. पाटी सुरू झाली त्या दिवशी खिडकीतून तोच कागद परत मागून घेतला, 'आजपासून पाटी लोकांसाठी सुरू' असं लिहिलं, दुसरा शिक्का मारला आणि परत दिला. त्याच सकाळी वर्तमानपत्रवाला आला. हे कुणी केलं, असं त्याने विचारलं. वायरमन म्हणाले, मी. बोलताना मनात वायरिंगच होतं, असं ते स्वतःला पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. महिन्याभराने साहेबांनी हिशेब केला की पाटी असताना चौकशीची खिडकी हवी कशाला. बाईंची बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली. खिडकी नसलेली खोली, छत्र्या आणि फुटक्या पेट्या, आणि दिवसात बोलायला दोन माणसं. निवृत्तीपर्यंत अकरा वर्षं त्या तिथे बसल्या. पाटी कुणाची हे साहेबांना कळलं असतं, तर त्यांना असं कोपऱ्यात टाकायची कुणाची छाती झाली नसती. वायरमनला ते ठाऊक होतं. पण त्याच आठवड्यात त्यांच्या हातात फोरमनच्या बढतीचा कागद पडला, आणि ते मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन ते वकीलबाईंच्या ऑफिसात गेले. घडी उलगडण्याआधी सगळं सांगून टाकायचं, हे त्यांनी वाटेत घोकलं होतं, आणि सांगितलंही, मान खाली घालून. वकीलबाईंनी शांतपणे ऐकलं, पण त्यांची नजर शिक्क्यांवर होती. तारखा स्वच्छ होत्या, नकाशा स्वच्छ होता, 'लोकांसाठी सुरू' हे शब्द तर सोन्याहून पिवळे.

"काका, कल्पना कुणाची होती याने खटल्याला काही फरक पडत नाही," त्या म्हणाल्या. "आधी होती, एवढंच पुरे."

एकतीस वर्षं छातीवर बाळगलेला दगड त्यांनी टेबलावर ठेवला, आणि टेबलाला त्याचं काही वाटलं नाही. वायरमनला हायसं वाटायला हवं होतं. उलट त्यांना रडू यायला लागलं. ते हट्टाला पेटले: प्रतिज्ञापत्रात बाईंचं नाव येणार नसेल तर मी सही करणार नाही. वकीलबाईंनी हसून टायपिस्टला बोलावलं, आणि वायरमनने स्वतः मजकूर सांगितला. सही उद्या करतो म्हणाले, कच्चा मसुदा खिशात घातला आणि तिथूनच बाईंच्या घरी निघाले.

पत्ता त्यांना वर्षानुवर्षं पाठ होता. तिसरा मजला, एक खोली, खिडकीशी खुर्ची. बाई एकोणऐंशीच्या, केस पांढरे, आवाज तसाच कुजबुजता. त्यांनी दार उघडलं आणि लगेच ओळखलं. कसा आहेस वगैरे काही विचारलं नाही. वायरमनने उभ्यानेच सगळं सांगितलं आणि मसुदा पुढे केला.

बाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"तो कागद ठेवलास?" त्यांनी विचारलं.

"ठेवला, बाई."

"मला वाटलंच होतं, तू फेकणार नाहीस. म्हणून दुसरा शिक्का मारला." आवाज गोळा करायला त्यांना वेळ लागत असे. "त्या खोलीत अकरा वर्षं बसले. रोज वाटायचं, कोणीतरी येऊन विचारेल, पाटी कोणाची. आयुष्यभर लोकांनी मला सगळं विचारलं. हे नाही विचारलं."

मला माफ करा, असं वायरमन कसंबसं म्हणाले. बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मसुद्याच्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंयस? 'आम्हा दोघांच्या चर्चेतून ही कल्पना सुचली.'"

वायरमनने ओळ वाचली. त्यांचीच होती, त्यांनीच सांगून टाइप करवली होती, आणि सांगताना ती त्यांना अगदी खरी वाटली होती. कबुली द्यायला गेलेल्या माणसाने जाता जाता अर्धा वाटा परत खिशात घातला होता, आणि त्याचा त्यांना पत्ताही लागला नव्हता. फ्रेम कापताना कात्रीही अशीच सहज चालली होती.

"चर्चा झाली होती का?" बाईंनी विचारलं.

"नाही," वायरमन म्हणाले. "तुम्ही कागद दिलात. मी वायरी जोडल्या."

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं, ती ओळ पट्टीने खोडावी तशी सरळ खोडली, समासात 'वायरी जोडल्या' एवढंच लिहिलं आणि शेजारी आजची तारीख टाकली. मग कागद घडी करून परत दिला.

"नीट टाइप करून आण," त्या म्हणाल्या. "मी घरीच असते."