उत्तरपक्ष पुढच्या सोमवारी

प्रा. धर्माजी म्हात्रे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि ते भांडण मीच काढले होते.

अकरा वर्षांपूर्वी माझे वडील गेले. कल्याणच्या एका तपासणी केंद्रात मी ईसीजी काढण्याचे काम करते. दिवसभर लोकांच्या छातीला चकत्या लावायच्या, कागदावर उमटणारी रेघ पाहायची आणि चेहरा कोरा ठेवायचा. वडील गेल्यावर मला त्या रेघेचीच धास्ती बसली. यंत्र सुरू करताना हात थरथरायचा. मी मुळातच भित्री. लिफ्टमध्ये, पुलावर, कुठेही घाबरायला मला फारसा वेळ लागत नाही. पण ही भीती निराळी होती. काल होता तो माणूस आज नाही, उद्या मीही नसेन, मग एवढे सगळे कशासाठी, हे डोक्यातून जाईना. कोणीतरी सांगितले की ठाण्याला वर्तकनगरात एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर सोमवारी संध्याकाळी साडेसहाला एक प्राध्यापक तत्त्वज्ञानाचा वर्ग घेतात, आणि सध्या तिथे ‘पलीकडे काय’ हा विषय चालला आहे. मी दोन पाने प्रश्न लिहून घेऊन गेले.

वर्गात पंधरा-वीस माणसे होती. डोंबिवलीचे जोगळेकरकाका वेदान्ताच्या बाजूने बोलत होते. ते बँकेतून निवृत्त झालेले, आणि आवाज असा की माइकची गरज नाही. त्यांचे संपताच मी उभी राहिले आणि माझी दोन पाने वाचून टाकली. आत्मा नाही, देव नाही, माझे वडील परत येणार नाहीत आणि कोणी मला खोटा धीर देऊ नये, असा एकूण मजकूर होता. सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “छान मांडलंत. आता पुढच्या सोमवारी तुम्ही जोगळेकरांची बाजू मांडा.”

“सर, आम्ही बौद्ध आहोत. आत्मा आहे असं मी का म्हणू?”

“म्हणू नका. तसं म्हणणाऱ्या माणसाला काय दिसतं, तेवढं सांगा. जोगळेकर तुमची बाजू मांडतील.”

मी तिथल्या तिथे भांडले. हा वर्ग आहे की नाटक कंपनी, असेही बोलून गेले. सर हसले. कल्याणला परत जाताना मनाशी ठरवले की पुन्हा इकडे फिरकायचे नाही. पुढच्या सोमवारी सव्वासहालाच जाऊन बसले.

सरांच्या वर्गाचा हा नियम त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या अनेक वाचकांना ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडच्या जुन्या वादपद्धतीत आधी विरुद्ध बाजूचे म्हणणे मांडतात, तो पूर्वपक्ष. मग आपले उत्तर, तो उत्तरपक्ष. सरांनी त्याला दोन अटी जोडल्या. पूर्वपक्ष ऐकून समोरच्याने “हो, हे माझंच म्हणणं आहे” असे कबूल केले, तरच तुम्हाला उत्तर देण्याचा हक्क मिळतो. आणि उत्तर त्याच दिवशी द्यायचे नाही, आठवडाभर थांबायचे. प्रत्येक वर्ग त्यामुळे एकाच वाक्याने संपतो. सर चष्मा काढतात आणि म्हणतात, “उत्तरपक्ष पुढच्या सोमवारी.”

वेदान्तातले ब्रह्म, बौद्धांचे निर्वाण, सूफींची ‘मी’ विरघळवणारी फना, हे सगळे सरांनी आम्हाला वर्षानुवर्षे शिकवले. पण पलीकडे जाणे म्हणजे काय असे सरळ विचारले, की ते म्हणत, “वर ढगात जायचं नाही. समोरच्याच्या डोक्यात अर्धा तास राहून यायचं. त्यालासुद्धा भरपूर चढ आहे.” जोगळेकरकाकांनी त्या सोमवारी अनात्मवाद मांडला तेव्हा मला “हो” म्हणावे लागले, आणि म्हणताना रडू आले. माझ्या वडिलांबद्दल इतक्या समजुतीने तोवर कोणीच बोलले नव्हते.

माझ्या पूर्वपक्षाने मात्र घरात आग लावली. भाकऱ्या थापताना मी मोठ्याने सराव करत होते, की शरीर बदलते, विचार बदलतात, पण पाहणारा तोच राहतो, वगैरे. आई दाराशी उभी राहून ऐकत होती, हे मला कळले नाही. तिने तीन दिवस माझ्या हातचे खाल्ले नाही. विहारातल्या बायकांना सांगून आली की पोरगी फिरली. मी लाख समजावले, पण ती म्हणे, “खोटं खोटं बोलताना एवढं चांगलं बोलता येतं व्हय?”

मी सरांना फोनवर हे गमतीने सांगितले. त्यांना त्यात गंमत वाटली नाही. रविवारी ते घोडबंदर रोडवरच्या आपल्या घरून निघून, दोन ठिकाणी वाहने बदलून आमच्या कल्याणच्या चाळीत आले. चहा नको म्हणाले आणि आईसमोर चटईवर बसले.

“आई, तुमचं म्हणणं मी मांडून बघू का? चुकलं तर तिथंच थांबवा.”

मग वीस मिनिटे ते बोलले. ज्या दारात आपल्या माणसांना उभे केले नाही, ते दार आपण मान ताठ ठेवून सोडले. सोडताना घरातल्या म्हाताऱ्यांना किती जड गेले. आणि आता आपली शिकलेली लेक, शब्द गोड लागतात म्हणून, त्याच दाराशी जाऊन उभी राहिली तर आजवरचे सगळे वाया गेले, ही ती धास्ती. आईने एकदाही थांबवले नाही. शेवटी पदराने डोळे पुसून म्हणाली, “हेच ओ सर. माझ्या पोटातलं बोललात. आता उत्तर द्या की.”

“उत्तर तुमची मुलगी देईल. पुढच्या सोमवारी. तुम्ही ऐकायला या.”

आई आली, मागच्या बाकावर बसली आणि माझे उत्तर ऐकून “ठीक आहे” एवढेच म्हणाली. तेव्हापासून सरांसाठी दर महिन्याला तिची जवसाची चटणी माझ्याबरोबर ठाण्याला जाते.

सरांचे घराणे मूळचे मिठागरात राबणारे. घरातले पहिले पदवीधर तेच. ठाण्याच्या महाविद्यालयात त्यांनी तीसहून अधिक वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. मिठागरांच्या बाजूला आता टोलेजंग इमारती आहेत आणि त्यातल्याच एका इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर ते आणि काकू राहतात. “एकोणीस मजले वर आलो,” ते म्हणतात, “पण ह्याला कोणी पलीकडे जाणं म्हणू नये.” आम्हा सगळ्यांना ते अहो-जाहो करतात, अगदी विशीतल्या मुलांनाही. हट्टी आहेत, ऐकत नाहीत आणि वर्गाला उशीर त्यांना खपत नाही. गेल्या वर्षी घोडबंदर रोडवर बस तासभर जागची हलेना, तेव्हा चौऱ्याहत्तराव्या वर्षी खाली उतरून चालत वर्गाला आले. साडेसहाला दोन मिनिटे कमी होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते धापा टाकत खुर्चीवर बसले. मी छातीची हालचाल पाहत होते. ती सवय सुटत नाही.

त्यानंतर मी त्यांच्यावर लक्ष ठेवू लागले. वाचनालयाच्या जिन्यात, अर्ध्या वाटेवर, एक सूचनाफलक आहे. पुस्तकांची पाने दुमडू नयेत, अशी त्यावर एक जुनी सूचना आहे. सर तिथे थांबून ती वाचू लागले. आधी अर्धा मिनिट, मग मिनिटभर, दिवाळीनंतर तीन-तीन मिनिटे. पंचवीस वर्षे जी सूचना त्यांच्या डोळ्यांसमोर आहे ती इतकी वाचण्यासारखी नाही, हे मला कळत होते. बोलायचा धीर होत नव्हता. शेवटी आईनेच मला झापले, “रोज परक्यांची छाती तपासतेस, आणि त्यांची नाही?”

सर केंद्रात आले. चकत्या मीच लावल्या. कागद बाहेर आला. चेहरा कोरा ठेवणे हेच तर माझे काम, आणि नेमके तेच मला जमले नाही. सर पडल्या पडल्या म्हणाले, “सुजाता, राहू द्या. वाचलं मी.”

पुढच्या तपासण्यांत कळले ते असे. हृदयातून रक्त बाहेर पडते तिथली झडप कडक झाली आहे, ती छाती उघडून बदलावी लागेल. या वयात धोका आहे, न बदलण्यात त्याहून जास्त आहे. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला आहे. हा लेख मी रविवारी दुपारी लिहिते आहे. उद्या सर रुग्णालयात दाखल होतील आणि मंगळवारी सकाळी त्यांना आत नेतील. ग्रंथ छापखान्यात जाणार म्हणून लेख उद्याच द्यायचा आहे. म्हणजे वाचकहो, तुमच्या हातात हे पान असेल तेव्हा पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत असेल. मला माहीत नाही. आपण गौरवलेख लिहितो आहोत की दुसरेच काही, या भीतीने माझे पेन दर ओळीला थांबते आहे. हे लिहू का, असे सरांना विचारले तर म्हणाले, “लिहा. फक्त रडकं लिहू नका.”

गेल्या सोमवारचे सांगितल्याशिवाय मात्र हा लेख पुरा होणार नाही. सर सूचना वाचून वर आले आणि म्हणाले, “आज पूर्वपक्ष मी मांडणार. आयुष्यभर मी सांगत आलो की माणसाला ‘मी’च्या पलीकडे जाता येतं. ह्याला विरोध करणारी एकच बाजू आजवर ह्या खोलीत कोणी नीट मांडली नाही. ती भीतीची.”

आणि ते भीतीच्या बाजूने बोलले. भीती म्हणते, धर्माजी, पलीकडचे तू पाहिले आहेस का? तू फक्त ते शब्द पाहिलेस, आणि शब्द चांगले शिकवलेस. ज्यांनी पाहिले त्यांनी घरदार सोडले, तू वेळापत्रक सांभाळलेस. मंगळवारी गुंगीचे औषध देतील. तेव्हा अंधार होईल असे तुला वाटते, पण अंधार दिसायलाही कोणीतरी लागते. तू नसशील. बुधवारी सकाळी तुझी बायको सवयीने दोन कप चहा टाकेल आणि मग तिच्या लक्षात येईल. त्या दुसऱ्या कपाला तुझे सगळे तत्त्वज्ञान काय सांगणार आहे?

आवाज चढला नाही, हात हलला नाही. एवढी वर्षे जे मी मनाच्या तळाशी दाबून ठेवले होते, ते एक माणूस माझ्यासमोर उभा राहून स्वच्छ मराठीत बोलत होता.

“झालं,” सर म्हणाले. “आता नियमाप्रमाणे विचारतो. भीतीच्या बाजूचं इथं कोणी आहे का? मी नीट मांडलं का?”

मी हात वर केला. “हो सर. हे माझंच म्हणणं आहे.”

मग जोगळेकरकाकांनी हात वर केला. एरवी खोली दणाणून सोडणारा आवाज, पण “माझंपण” हे जेमतेम ऐकू आले. मग एकेक करत सगळ्यांचेच हात वर गेले. सरांनी चष्मा काढला आणि सवयीने म्हणाले, “उत्तरपक्ष पुढच्या सोमवारी.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आले. आमच्याही आले. पुढच्या सोमवारी ते कुठे असणार, हे सगळ्यांना माहीत होते. सर थोडे हसले, पुस्तके गोळा केली आणि दाराकडे निघाले.

जिना उतरताना मी त्यांच्या मागे होते. फलकापाशी ते थांबले. उतरताना ते कधी थांबत नाहीत. कठडा धरला आणि माझ्याकडे न बघता, कधी आमच्याशी न बोललेल्या त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाले, “सुजाता, मना भ्याव वाटतं गो.”

एवढी वर्षे त्यांनी शिकवले त्यातले एक वाक्य आठवेना. “मलाही, सर,” एवढेच मी म्हणाले. मग आम्ही दोघे तिथे उभे राहिलो आणि पाने दुमडू नयेत ती सूचना वाचत राहिलो. लोक बाजूने उतरून गेले. किती वेळ गेला कोण जाणे. घरी पोहोचल्यावर जाणवले की त्या वेळात मला माझी स्वतःची भीती वाटली नव्हती. ज्या भीतीने माझे हात थरथरायचे ती मला दिसलीच नव्हती. मी त्यांच्या भीतीत होते. सर म्हणतात ते पलीकडे जाणे हेच असेल, तर मला सांगायला हवे की तिथेही भीती आहेच. फक्त तिथे माणूस एकटा नसतो.

उद्याचा वर्ग आम्ही भरवणार आहोत. उत्तरपक्ष मी मांडावा असे दोघा-तिघांनी सुचवले. मी नाही म्हणाले. पूर्वपक्ष ज्याने मांडला, उत्तराचा हक्क त्याचा, हा सरांचाच नियम आहे, आणि आईच्या वेळी त्यांनी स्वतः केला तो अपवाद सोडला, तर तो त्यांनी आम्हाला कधी मोडू दिलेला नाही. आईला हे सांगितले तेव्हा ती चटणीची बरणी भरत होती. म्हणाली, “त्यांना माझा निरोप दे. माझ्या घरी येऊन मला उत्तराला ताटकळत ठेवून गेलेले. आता परत नाही चालायचं. उत्तर द्यायला यायचं.”

म्हाताऱ्या बाईचा हा हुकूम म्हणजेच आम्हा सगळ्यांची शुभेच्छा आहे. सर, पंच्याहत्तरी झाली, पण वाद अर्ध्यावर आहे. तुम्हाला निरोगी आणि भरपूर वर्षे मिळोत, कारण उत्तर पटले नाही तर आम्ही पुन्हा पूर्वपक्ष मांडणार आहोत, आणि प्रत्येक वेळी तुम्हाला आठवडाभर थांबावे लागणार आहे. खोली दर सोमवारी साडेसहाला उघडी असेल. उशीर झाला तरी चालेल. जिन्यातली ती सूचना हवी तितका वेळ वाचा, आम्ही वर थांबलेले आहोत.