दूधवाल्याची स्प्रिंग

सत्तरच्या दशकात आमच्याकडे एक जुनी मोटरसायकल होती. सक्करदऱ्याहून हे मला रोज तिच्यावरून उमरेड रोडवर मी शिकवायचे त्या शाळेत सोडत. एसटी पोचायची ती प्रार्थना संपल्यावर, म्हणून दुसरा इलाजच नव्हता. खड्डा आला की मागचे शॉकअप पार खाली बसायचे, लोखंडावर लोखंड आपटायचं आणि तो दणका थेट माझ्या कमरेत. डॉक्टरांनी साफ सांगितलं, हे धक्के बंद करा, नाहीतर नोकरी सोडा. ही नोकरी धरण्यासाठी मी बापाशी दोन वर्षं भांडले होते. अशी कशी सोडू?

महाल भागातला आमचा मेकॅनिक म्हणजे नुसती काडी. स्प्रिंग कडक करायला शॉकअपखालची कडी एक खाच वर फिरवायचा आणि स्वतःच गल्लीत चक्कर मारून यायचा. "मक्खन चालून राहिली, भाऊ." त्याच्याखाली काहीही मक्खनच चाललं असतं. त्यात तो वजन विचारी आणि आमचे हे छाती काढून सांगत, "ऐंशी." स्टेशनवरच्या काट्यातून पंच्याण्णवचं तिकीट निघालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं कोण पाडणार? गॅरेजात बायका जात नसत, म्हणून मी रस्त्यापलीकडे पदर सावरत उभी. तीन वेळा हा तमाशा झाला आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी कमरेचे तेच हाल. डोक्याला नुसता ताप.

चौथ्यांदा मी सरळ आत शिरले. म्हटलं, आता कायमचा उपाय सांग, नाहीतर ही गाडी विकून टाकते.

तो डोकं खाजवत म्हणाला, "दूधवाल्याच्या गाडीले जाड स्प्रिंग टाकतो, तशी टाकून देऊ, वहिनी. पण दोघांचं वजन मिळून दीडशे किलोच्या वर पाहिजे. नाही तं गाडी उसळते, फेकून देते माणसाले. भाऊचं ऐंशी. तुमचं किती?"

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली.

"साठ," मी म्हटलं.

पंच्याहत्तर होतं. वर्षभर नवऱ्याच्या नावानं बोटं मोडली आणि वेळ आली तेव्हा मीही तेच केलं. ऐंशी नि साठ एकशेचाळीसच होतात, आपल्या हातानं नोकरीवर पाणी सोडतेय हे कळत होतं, तरी दुसरा आकडा तोंडातून निघेना. इतका संताप आला स्वतःचा, की रडूच यायचं बाकी होतं.

 तेवढ्यात हे पुढे होऊन मेकॅनिकला म्हणाले, "माझं ऐंशी नाही गा. एकशेदहा धर."

बाकावरचे दोघंही खो-खो हसले. मेकॅनिक जाड स्प्रिंग शोधायला मागे गेला, आणि हे माझे पंधरा किलो स्वतःच्या अंगावर घेऊन, मान खाली घालून गाडी स्टँडवर लावू लागले.